सुनेच्या परीक्षेचे ओठ

माझे ओठ ही सरकारी मालमत्ता आहे, असं मी एकतीस वर्षं मानत आलो. शिमकेंत शहराच्या वजनमापे खात्यात मी तपासनीस आहे. बाजारात एखाद्या तराजूसमोर उभं राहून मी नुसते ओठ मिटले, की खाटीक आपणहून पारड्याखालचं लोहचुंबक काढून खिशात टाकतो. कागद, शिक्का, दंड हे सगळं नंतरचं. निसर्गाने मला ओठच असे दिले आहेत की मिटल्यावर ते दिसत नाहीत, आणि खात्यातली माझी सगळी बढती त्या न दिसण्यावर झालेली आहे.

अशा माणसाच्या ओठांत अर्धा मिलिलीटर जेल कसं गेलं, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगतो, कॉरिडॉरमध्ये बसलो होतो. याहून खरं उत्तर माझ्यापाशी नाही.

त्याचं असं झालं. माझी सून तोग्झान दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीत परिचारिका आहे. मुलगा सान्झार तेलविहिरीवर, पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस इकडे. तोग्झानने तीन महिने सौंदर्योपचाराच्या शाळेत शिकवणी लावली होती. परीक्षा पास झाली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की एका सलूनमध्ये तिची स्वतःची खुर्ची. सलूनवालीने ती खुर्ची महिनाअखेरपर्यंतच रिकामी ठेवायचं कबूल केलं होतं. ही शिकवणी घरात सान्झारला आणि मला ठाऊक होती. माझी बायको कुल्झिपा हिला सांगितलं होतं की लसींच्या नोंदी कॉम्प्युटरवर कशा करायच्या ते शिकायला जाते. कारण या विषयावर कुल्झिपाचं मत पक्कं होतं. "सुई टोचायचीच तर आजाऱ्याला टोचावी. धडधाकट बाईला टोचून फुगवायची, हे काय काम झालं?"

परीक्षेच्या बुधवारी मी अर्धी रजा टाकून सुनेला गाडीने सोडायला गेलो आणि पेपर वाचत बाहेर बसलो. प्रत्येक मुलीने आपापली मॉडेल आणायची होती. वीस मिनिटांनी तोग्झान बाहेर आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"काय झालं, पोरी?"

"काही नाही, कोके." आमच्या दक्षिणेत वडिलांना कोके म्हणतात, ती मलाही म्हणते. "माझ्या मॉडेलच्या ओठावर तापाचा फोड आलाय. बाईंनी घरी पाठवली तिला. बारापर्यंत दुसरी आणली नाही तर पुढची परीक्षा शरदात."

अकरा चाळीस झाले होते. मी पेपरची घडी घातली. त्या क्षणी मी काय विचार करत होतो ते मला आठवत नाही. बहुधा काहीच करत नव्हतो. आत गेलो तर परीक्षक गाउहार सेरिकोव्ना चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"वय?"

"अठ्ठावन्न."

"यापूर्वी ओठ भरून घेतलेत?"

"मी वजनमापे खात्यात आहे."

त्यांनी 'नाही' असं लिहिलं आणि मला खुर्चीवर आडवं केलं. सिरिंजवरच्या रेघा मी वाचल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेतलं अंतर मला जरा शंकास्पद वाटलं, पण तोंडाला बधिरतेचा मलम फासलेला असल्याने हरकत नोंदवता आली नाही. तोग्झानचे हात थरथरत होते. सुई टेकली मात्र, आणि ते हात असे स्थिरावले की मी बघत राहिलो. तीन वर्षं ही पोर आमच्या घरात चहा ओतते आहे. तिच्या हातात एवढं काही आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि छाती भरून आली हे कबूल करतो.

निकाल मात्र तिथे लागला नाही. गाउहार सेरिकोव्ना म्हणाल्या, "आज सूज आहे, आज काही कळत नाही. चौदा दिवसांनी मॉडेलला परत आणायचं, निगेची वही आणायची. गाठ दिसली, ओठ वाकडा दिसला, तर नापास. काळजी मॉडेलने घ्यायची आणि गुण तुमचे जायचे."

गाडीत बसल्यावर मी आरशात पाहिलं. आत एक माणूस होता, त्याला काहीतरी हवं होतं आणि ते न मिळाल्याने तो रुसला होता.

तोग्झानने निगेचा कागद वाचून दाखवला. बर्फ लावावा, पण थेट लावू नये. पाणी भरपूर प्यावं, पण नळीने पिऊ नये. गरम काही घेऊ नये, कोमट चालेल. कोमट म्हणजे किती अंश? याचा कागदावर पत्ता नाही! तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडू नये. दोन बोटं कुणाची? उताणं झोपावं, उशी उंच घ्यावी. हमाम चौदा दिवस बंद. चुंबन सात दिवस वर्ज्य. हा मुद्दा आल्यावर तोग्झानने कागद माझ्याकडे सरकवला आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हणालो, "तो लागू नाही, पुढे चल."

इथवर ठीक होतं. पण जेलच्या खोक्यात आणखी एक कागद निघाला, त्यात लिहिलं होतं की गाठ वाटल्यास हलक्या हाताने चोळावं. शाळेचा कागद म्हणत होता, बोटसुद्धा लावू नये. आणि तोग्झानच्या वहीत बाईंचं वाक्य होतं, 'तिसऱ्या दिवशी बघून ठरवावं'. खात्यात दोन परिपत्रकं एकमेकांविरुद्ध आली तर आम्ही नंतरच्या तारखेचं खरं धरतो. इथे तारखाच नव्हत्या. शेवटी असं ठरवलं की तिन्हींमधला सगळ्यात कडक नियम पाळायचा. सगळ्यात खाली ठळक अक्षरांत होतं, ओठ पांढरा पडला आणि फार दुखू लागलं तर क्षणभरही न थांबता यावं. आमच्या न्हाणीघरातल्या दिव्याखाली मला माझं सगळंच पांढरं दिसतं. त्या संध्याकाळी मी सुनेला तीन वेळा हाका मारल्या.

"तोंडाला काय झालं?" कुल्झिपाने दारातच विचारलं.

"मधमाशी," मी म्हणालो. तुल्कुबासला माझ्या एका मित्राच्या मधाच्या पेट्या आहेत, हे मला अगदी वेळेवर आठवलं.

"तू ऑफिसात होतास ना?"

"तपासणीला गेलो होतो. मधाच्या वजनाची तक्रार होती."

"आणि वरच्या ओठाला एक, खालच्याला एक, अशा मोजून दोन चावल्या?"

"सारख्या चावल्या," मी म्हणालो. निदान हे तरी मला अभिमानाने सांगता आलं.

पण खरं संकट मधमाशीचं नव्हतं, चहाचं होतं. आमच्याकडे घरातल्या वडीलधाऱ्याला पियाला अर्ध्याहूनही कमी भरून द्यायचा, संपला की पुन्हा ओतायचा. जितका कमी चहा तितका मान जास्त. काठोकाठ भरलेला पियाला म्हणजे 'पी आणि चालू लाग'. हे पाच वर्षांच्या पोरीलाही कळतं. आता अर्धा पियाला दर वेळी ताजा आणि कढत येणार. म्हणून तोग्झानने विचार केला आणि मला एकदाच काठोकाठ भरून, बाजूला निवायला ठेवायला सुरुवात केली. विचार बरोबरच होता. फक्त कुल्झिपा समोर बसली होती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

पहिल्या संध्याकाळी ती काही बोलली नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. दुपारी तिने सुनेला विचारलं, "तुझं आणि कोकेचं काही बिनसलंय का?"

"नाही, आपा." सासूला ती आपा म्हणते.

"मग त्यांना हाकलतेस का घरातून?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, मलाच भरलेला आवडतो. कुल्झिपा म्हणाली, "चौतीस वर्षं अर्धा आवडत होता. माशी डोक्याला चावली का?" आणि तिने तोग्झानच्या आईला फोन लावला. "विहीणबाई, तुमच्या मुलीने माझ्या नवऱ्याला दोन दिवसांत चार भरलेले पियाले दिले." पलीकडून रडणं ऐकू आलं. तोग्झान चुलीशी उभी राहून ऐकत होती. तिने एक शब्द काढला असता तर सगळं मिटलं असतं, पण शिकवणीही मिटली असती. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली. नको, कोके. चौदा दिवस.

ऑफिसात तर माझी शोभाच झाली. गुरुवारी बाजारात गेलो, एका खाटकाच्या तराजूसमोर उभा राहिलो आणि सवयीने ओठ मिटायला गेलो. ते मिटले नाहीत. उलट जरा पुढे आले. खाटीक चपापला. त्याने आधी मागे बघितलं, मग खाली बघितलं, आणि हळूच म्हणाला, "साहेब, मी लग्न झालेला माणूस आहे." चुंबक तिथेच राहिलं.

खात्याच्या साहेबांनी मला आजारपणाची रजा घ्यायला सांगितलं. रजेसाठी दवाखान्याचा कागद लागतो. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी 'कीटकदंश' असं लिहिलं. कॉम्प्युटरने विचारलं, कीटक कोणता? मी म्हणालो मधमाशी. यादीत मधमाशी नव्हती. वसंत ऋतू असल्यामुळे यादीत फक्त गोचीड होती.

"मग गोचीडच लिहिते," बाई म्हणाल्या, "नाहीतर कागद पुढे सरकत नाही."

"अहो, पण मला गोचीड चावलेली नाही."

"तसं असेल तर लेखी द्या."

"कुठे?"

"गोचीड विभागात."

गोचीड चावलेल्याच्या तापाची चौदा दिवस, दिवसातून दोनदा नोंद घ्यावी लागते. त्या दिवसापासून सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला एक बाई मला फोन करून अंश विचारू लागल्या. माझं तापमान रोज छत्तीस पूर्णांक सहा. बाई रोज थोड्या निराश होऊन फोन ठेवत. मी मधमाशीचा की गोचिडीचा की सुनेचा, हे मलाच आता आठवून सांगावं लागत होतं.

गोचीड हा शब्द भिंतीपलीकडे गेला आणि शेजारी झाक्सिलिक आला. तो निवृत्त गुरांचा डॉक्टर. त्याने माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं.

"मी उंटांचे ओठ बघितलेत," तो म्हणाला. "हे काहीच नाही. तोंड आतच राहिलंय तिचं. दाबून काढू."

"कुणाचं तोंड?"

"गोचिडीचं." आणि त्याचा अंगठा माझ्याकडे निघाला. तो अंगठा चाळीस वर्षं वासरं ओढून काढत आलेला आहे. तोग्झान कुठून आली कोण जाणे, बाउर्साकांनी, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांनी, भरलेलं ताट तिने आमच्या दोघांच्या मध्ये घुसवलं. "झाक्सिलिक-काका, गरम आहेत, आधी घ्या." खाण्याला पाठ दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. जाताना तो मेंढीच्या शेपटीच्या चरबीचा गोळा ठेवून गेला. सकाळ-संध्याकाळ खसखसून चोळ म्हणाला. समोरच्या घरातली नीना पेत्रोव्ना कुंपणावरून ओरडली, चरबी मुळीच नको, कोबीचं पान बांध. झाक्सिलिक म्हणाला, कोबीचं पान गुडघ्याला. ती म्हणाली, मग चरबी उंटाला. त्यांचं भांडण चांगलंच रंगलं. मी आत येऊन बर्फ फडक्यात गुंडाळून बसलो, थेट न लावता.

आणि शनिवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, व्याही आले.

माझी मुलगी मेरुएर्त हिचं तुर्किस्तान शहरातल्या मुलाशी जमलं होतं. सोयरीक पक्की करायला मुलाकडचे चौदाजण येणार, हा दिवस महिन्यापूर्वीच ठरलेला होता. दुसरा कुठला कार्यक्रम असता तर मी पोटात दुखतंय म्हणून झोपलो असतो. पण मुलीचा बाप झोपला तर सोयरीकही झोपली. कुल्झिपाने सांगितलं, "पाहुण्यांना गोचीड म्हणू नकोस. मधमाशीच म्हण. मधमाशी तरी चांगल्या घरातली वाटते."

जेवण झालं. मग चरबी-कलेजीचं ताट आलं. शेपटीच्या चरबीचे आणि कलेजीचे काप, वरून घट्ट साय. ते दोन्हीकडच्यांनी एकमेकांना हाताने भरवायचं, गाणी म्हणत, आणि भरवताना तोंडाला फासायचंही. ते खाल्लं की लग्न ठरलं, मग कुणालाही मोडता येत नाही. आणि जो खात नाही, त्याने नकार दिला. आमच्या बायकांनी त्यांच्या पुरुषांना भरवलं. एका व्याह्याच्या कानात साय गेली. मग त्यांची पाळी आली, आणि मुलाची आई शारबानू-विहीणबाई उठल्या.

शारबानूबाईंची भट्टी आहे. रोज दीडशे नान त्या स्वतः तंदूरच्या भिंतीला थापतात. त्यांनी ताटात हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढला. त्या मुठीचं वजन मी नजरेने दोनशे वीस ग्रॅम धरलं.

"उघडा, व्याही!"

दोन बोटं, कागद म्हणत होता. मी ओठ मिटले. म्हणजे मिटायचा प्रयत्न केला.

गाणं चालू होतं. मूठ पुढे आली. मी मान मागे घेतली, मूठ आणखी पुढे आली. मी मान भिंतीला टेकवली. मग गाणं एकेक करून थांबलं. व्याह्यांनी कानातली साय पुसली आणि विचारलं, "म्हणजे काय समजायचं आम्ही?"

तोंड उघडावं तर सुनेची तीन महिन्यांची मेहनत त्या मुठीखाली जाणार. न उघडावं तर दाराआड मेरुएर्तचं हुंदका गिळणं मला इथवर ऐकू येत होतं. दोन्ही मुली माझ्याच, आणि तोंड एकच. कुल्झिपाचा चेहरा ताटातल्या सायीसारखा झाला होता.

"विहीणबाई, थांबा!" असं कोणीतरी म्हणालं.

तोग्झान होती. पाहुण्यांसमोर ती कधी खालच्या आवाजातही बोललेली नाही. ती पुढे आली आणि विहीणबाईंचं मनगट धरलं.

"आमच्या घराची रीत आहे. सासऱ्यांचं तोंड आधी सून उघडते. चमच्याने. तांदळाच्या दाण्याएवढे सात घास. ते झाले की तुमचं खाल्लं असंच धरतात."

आता आमच्या शिमकेंतकडची एक खोड सांगायला हवी. इथे दर लग्नसराईत एखादी नवी रीत निघते, आणि ही मला ठाऊक नव्हती असं कबूल करायला कुणीही माईचा लाल तयार नसतो. शारबानूबाईंनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आपल्या भावाकडे पाहिलं. भावाने गंभीरपणे मान डोलावली.

"हो तर," शारबानूबाई म्हणाल्या. "जुनी रीत आहे. हल्ली कोण पाळतंय! आमच्याकडे मात्र नऊ घास असतात."

"नऊ तर नऊ," तोग्झान म्हणाली.

तिने कलेजी सुरीने बारीक केली, गार सायीत कालवली आणि चहाच्या चमच्याने मला नऊ वेळा भरवलं, ओठांना चमचा न लागू देता. लस टोचताना बाळाकडे बघतात तशी ती माझ्याकडे बघत होती. त्यांच्याकडच्या दोन बायका मोबाइलवर चित्रण करत होत्या. शारबानूबाईंनी तोंडउघडणीचा मान म्हणून स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून तोग्झानला घातली, आणि उरलेली मूठ माझ्या कपाळाला फासली. सोयरीक पक्की झाली. दाराआड मेरुएर्त मोठ्याने रडली, पण ते वेगळं रडणं होतं.

पाहुणे गेल्यावर कुल्झिपाने दार लावलं आणि आम्हा दोघांना समोर उभं केलं.

"तोंडउघडणी," ती म्हणाली. "चौतीस वर्षं मी या घरात आहे. माझ्या सासूने मला चाळीस रीती शिकवल्या. ही एकेचाळिसावी कुठून आली?"

मी मधमाशीपासून सुरुवात करणार होतो. तोग्झान आधी बोलली. सगळं बोलली. शिकवणी, परीक्षा, फोड आलेली मॉडेल, चौदा दिवस, खुर्ची. कुल्झिपाने ऐकून घेतलं, मला कॉलरला धरून खिडकीपाशी नेलं आणि माझ्या ओठांकडे बघत उभी राहिली. इतक्या जवळून तिने मला सान्झार झाल्यापासून पाहिलं नसावं.

"डावीकडे कमी आहे," ती म्हणाली.

"उजवीकडे सूज आहे, आपा. उतरली की सारखे होतील."

"आणि ते भरलेले पियाले?"

"निवावेत म्हणून, आपा."

कुल्झिपा खाली बसली. "तीन दिवस मी तुला बोलले. तुझ्या आईला रडवलं. आणि तू नुसती उभी राहिलीस?" कुल्झिपाने फोन उचलला आणि तोग्झानच्या आईला लावला. "विहीणबाई, तुमची मुलगी सोन्यासारखी आहे. कारण विचारू नका." पलीकडे पुन्हा रडणं सुरू झालं.

त्यानंतरच्या दहा दिवसांत माझ्या ओठांना जी शिस्त लागली ती खात्यातही नव्हती. मी कुशीवर वळलो की बरगडीत कोपर बसायचं. मीठ बंद झालं. गोचिडीच्या बाईंच्या फोनला आता कुल्झिपाच उत्तर द्यायची, "छत्तीस सहा, आणि उद्यापासून पावणेआठला करा, आठला त्यांचा बर्फ असतो."

चौदाव्या दिवशी आम्ही तिघं गेलो. कुल्झिपा मखमली जाकीट घालून आली होती. खोलीत बारा मुली, अकरा तरुण मॉडेल, आणि मी. गाउहार सेरिकोव्नांनी मापकाटा आणला आणि माझे ओठ मोजले. त्या मापकाट्यावरचा तपासणीचा शिक्का दोन वर्षांपूर्वीच संपलेला होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी असा शिक्का पाहून गप्प बसलो.

"सारखे आहेत," त्या म्हणाल्या. "गाठ नाही. काम स्वच्छ आहे." तोग्झानने श्वास सोडला. मग बाईंनी अर्ज उलटा केला. "इथे एक रकाना त्या दिवशी घाईत राहिला. मॉडेल परीक्षार्थीची नातेवाईक नसावी. नातेवाईक असेल तर परीक्षा रद्द. तुमचं हिच्याशी नातं काय?"

तोग्झान पांढरी पडली. कागदात लिहिलेलं ते पांढरं पडणं बहुधा असंच असावं. ती खरं बोलायला तोंड उघडणार हे मला दिसलं. तिने लग्नानंतरही माहेरचं आडनाव ठेवलं होतं, हे नशीब.

"काही नाही," मी म्हणालो. "मी कॉरिडॉरमध्ये बसलो होतो."

"कशाला?"

"ओठ भरून घ्यायला."

मागे एक मुलगी फिसकन हसली. दुसरी कुजबुजली, "अगं, हे बाजारातले तपासनीस. माझ्या बाबांचा तराजू यांनीच उचलून नेला होता."

"स्वतःच्या इच्छेने?" गाउहार सेरिकोव्ना मला आपादमस्तक न्याहाळत होत्या.

"हो."

"अठ्ठावन्नाव्या वर्षी?"

"लहानपणापासून मनात होतं," मी म्हणालो. आता सगळी खोली हसत होती. एकतीस वर्षांची इभ्रत मी तिथे खुर्चीवर ठेवून दिली, आणि गंमत अशी की ती गेल्याचं मला फारसं काही वाटेना. पण बाईंचा विश्वास बसला नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या कुल्झिपाकडे पाहिलं.

"आपण कोण?"

"मी यांची बायको."

"यांना इथे कुणी पाठवलं, खरं सांगा."

कुल्झिपाने तोग्झानकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, कानापर्यंत लाल होत, ती म्हणाली, "मी पाठवलं. मला भरलेले ओठ आवडतात. चौतीस वर्षं सांगतेय, हा माणूस ऐकतच नव्हता."

हसणं थांबलं. गाउहार सेरिकोव्नांनी रकान्यात काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला.

परतताना तोग्झान मागच्या सीटवर प्रमाणपत्र मांडीवर घेऊन बसली होती, मध्येच हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. मी हळूच कुल्झिपाला विचारलं, "ते मघाशी बोललीस, ते खरं की परीक्षेपुरतं?"

"समोर बघ," ती म्हणाली. "लाल दिवा आहे."

तोग्झानला तिची खुर्ची मिळाली. शारबानूबाईंकडच्या चित्रणामुळे तोंडउघडणी आता तुर्किस्तानपर्यंत पोचली आहे, तिथे म्हणे अकरा घास देतात. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला मिळालं नव्हतं. मी ते पुन्हा विचारलंही नाही, कारण विचारायचं कसं हेच कळत नव्हतं. जेल हळूहळू विरत गेलं. जानेवारीत माझे ओठ पुन्हा दिसेनासे झाले, आणि बाजारातली चुंबकं पुन्हा खिशात जाऊ लागली.

एका सकाळी कुल्झिपा कणीक मळत होती. माझ्याकडे पाठ होती.

"सूनबाईला विचार," ती म्हणाली, "शनिवारी वेळ आहे का."

"कुणासाठी? तुझ्यासाठी?"

"मला कशाला हवंय?" ती म्हणाली, आणि कणकेला आणखी जोरात मुठी मारायला लागली.

मी शनिवारी गेलो. किती भरायचं हे तोग्झानने मला विचारलंच नाही. तिने आपाला फोन लावून विचारलं.